शेवटच्या पानावरचे प्रश्न

हे लिहायचं मी फार वर्षं टाळलं. बाई होत्या तोवर भीती वाटायची, त्या गेल्यावर लाज. आता पंच्याहत्तरी उलटली आहे आणि टाळण्याचंही बळ राहिलेलं नाही.

फरीदाबादच्या ज्या शाळेत मी मुख्याध्यापक होतो, तिथे बाई सहावीला शिकवायच्या. सगळ्या शाळेत मराठी बोलणारे आम्ही दोघंच. मुलं त्यांना 'मशीनवाली मॅडम' म्हणत, कारण वर्गातल्या खिडकीखालच्या फळीवर त्यांनी गोष्टीचं एकही पुस्तक ठेवलं नव्हतं. होती ती पंप, पूल, साप, हाडं, विहिरी, रेल्वेची इंजिनं यांवरची. दिल्लीत दर्यागंजला रविवारी भरणाऱ्या जुन्या पुस्तकांच्या बाजारातून पिशव्या भरून आणायच्या. "राजाराणी कशाला, सर? यांचे बाप कारखान्यात जातात. तिथलं काही वाचू देत की."

त्यांचा नियम एकच. पुस्तक परत करताना शेवटच्या कोऱ्या पानावर एक प्रश्न लिहायचा, पुस्तकात ज्याचं उत्तर सापडलं नाही असा. "उत्तर मिळालं की मूल पुस्तक मिटतं, सर. प्रश्न उरला की दुसरं उचलतं."

शबनम नावाची मुलगी वाचनाच्या तासाला बाकावर डोकं टेकून झोपायची. लेथ मशीनचं पुस्तक मात्र तिने तीनदा नेलं. मागे लिहिलं, 'अब्बू की उँगली कैसे कटी, यह इसमें नहीं है।' बाई ते पान घेऊन माझ्या खोलीत आल्या. "बघा, आता ही थांबत नाही." खरंच, त्या वर्षी तिने निम्मी फळी वाचून काढली. मी मात्र तेव्हा "पुस्तकांवर लिहिणं बरं दिसत नाही" एवढंच म्हणालो होतो.

मग तपासणी आली. आदर्श वर्गग्रंथालय दाखवायचं होतं. बाई रजेवर असताना एका शनिवारी मी वर्गात काचेचं नवं कपाट लावून घेतलं, त्यात कोरी पुस्तकं. फळीवरची तेलकट, शिवण उसवलेली, मागे पेनाने गिरवलेली. सफाईवाल्याला म्हटलं, "यह सब कबाड़ी को दे दो."

"साहब, मैडम से पूछ लें?"

"मैं कह रहा हूँ ना."

सोमवारी बाई दारात उभ्या. "सर, माझी फळी?"

"अहो, सफाईवाल्याने रद्दी समजून देऊन टाकली. रागावलोय मी त्याला."

बोलून गेलो, आणि ते खरं ठरावं म्हणून संध्याकाळी त्याला खरंच रागावलो, चारचौघांत.

तपासणी उत्तम झाली. कपाटाला कुलूप होतं. बाईंनी पुन्हा फळी मांडली नाही.

निवृत्तीनंतर, सगळं सांगायचंच असं ठरवून मी त्यांच्या घरी गेलो. गुडघे गेले होते, तरी चहा त्यांनी स्वतः केला. फळीचा विषयही त्यांनीच काढला.

"त्या सफाईवाल्याचा मला कधी राग आला नाही हं, सर. बिचाऱ्याला वाचता कुठे येत होतं?"

आणि माझ्याकडे बघत थांबल्या.

मला वाचता येत होतं. त्या शनिवारी मी शेवटची पानं चाळलीही होती, शबनमचंसुद्धा.

"चहा छान झालाय, बाई," मी म्हणालो.