तारापूरच्या खडकांवरचा वर्ग

नाशिकहून पालघरची एसटी सुटली तेव्हा माझ्या मांडीवर दगडांची पिशवी होती. कंडक्टरने ती उचलून वर ठेवायचा प्रयत्न केला आणि पुन्हा खाली ठेवली.

"मॅडम, लोखंड भरलंय का?"

"दगड आहेत."

"पालघरला दगडांना काय तोटा हाय?" तो हसला, मीही हसले. त्यानंतर जव्हारपर्यंत माझ्याशी कुणी बोललं नाही.

मी महाविद्यालयात भूगर्भशास्त्र शिकवत असे. आता शाळाशाळांतून मुलांना दगड ओळखायला शिकवते. एकटीच राहते, एकटीच फिरते. गेल्या वर्षापासून माझ्या दोन्ही डोळ्यांच्या मधोमध धुरकट डाग बसला आहे. कडेचं दिसतं, ज्याच्याकडे नीट पाहावं, तेच नेमकं नाहीसं होतं. डॉक्टर म्हणाले, हे आता मागे फिरणार नाही. मी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर सगळ्यांनी फार प्रेमाने मला घरी बसवलं असतं.

पालघरला बस बदलली. कोळगावची सरकारी कार्यालयं मागे पडली आणि काही वेळाने हवेत कारखान्यांचा आंबट वास जाणवू लागला; बोईसर जवळ आलं. लॉजखालच्या खाणावळीत पाळी संपवून आलेली माणसं हिंदीत गावाकडच्या गोष्टी बोलत होती. पापलेट मिळत होतं, पण त्याचा काटा मला आता दिसत नाही. मी बोंबलाची आमटी मागवली. त्याचे काटे मऊ असतात. समोरच्या खुर्चीवर पिशवी ठेवली होती. "साथ में कोई है?" म्हणून वाढप्याने विचारलं. मी नाही म्हणाले.

सकाळी कुंभवलीच्या शाळेत सावेबाई भेटल्या. तरुण, चटपटीत शिक्षिका. सातवीची मुलं टेम्पोत बसवून आम्ही तारापूरच्या किनाऱ्यावर गेलो. ओहोटी होती. ओले खडक उघडे पडले होते आणि वाळत घातलेल्या मासळीचा वास वाऱ्यावर येत होता. "भरती लागायच्या आत परतायचं," सावेबाईंनी मुलांना बजावलं.

मुलं दगड गोळा करून आणू लागली. पहिले काही सोपे होते. वजनावरून, अंगाच्या खरखरीवरून सांगितले. मग एकाने हातात एक गुळगुळीत, हलका, बारीक छिद्रांचा तुकडा ठेवला. कडेच्या नजरेला तांबडा रंग दिसला.

"जांभा," मी ठामपणे म्हणाले. "कोकणातला प्रसिद्ध दगड."

मग सालवडहून येणारा अंकित हळूच म्हणाला, "मैडम, ये तो ईंट है."

मुलं खो खो हसली. समुद्राने घासून गोल केलेली वीट होती ती. एका बाजूला सिमेंटही चिकटलेलं होतं म्हणे. सावेबाई हसल्या नाहीत. त्या जवळ आल्या आणि त्यांनी आपला हात माझ्या तोंडासमोर धरला असावा; मला मनगटावरच्या बांगड्या तेवढ्या ऐकू आल्या.

"मॅडम, तुम्हाला दिसत नाही?"

"मधलं दिसत नाही."

"आधी सांगायला हवं होतं हो. या निसरड्या खडकांवर मुलं माझ्या भरवशावर आहेत." त्यांचा आवाज रागाचा नव्हता, म्हणून जास्त लागला. "आपण इथेच थांबवू या."

मी पिशवीचं तोंड बांधू लागले. गाठ बसेना. तेवढ्यात एक मुलगी माझ्यापुढे उकिडवी बसली. "बाई, माझा दगड राह्यला. तुमी इचारा, मी सांगते."

तिचं नाव जागृती. सावेबाई शेजारच्या खडकावर टेकल्या. मी विचारलं, "कसा आहे?"

"काळा."

"काळा तर तवाही असतो. पुढे?"

"भोकं हायत. मेथीच्या दाण्याएवढी."

"रिकामी?"

"काय रिकामी, काय भरलेली. आत पांढरं हाय. दातासारकं."

"कुणाच्या दातासारखं?"

तिने दगड उन्हात फिरवला. "दुदाच्या दातासारकं. ऊन पडलं की चमकतं, मी हात आडवा धरला की नाय."

इतक्या वर्षांत बेसॉल्टचं असं वर्णन मला कुणी केलं नव्हतं. थंड होणाऱ्या लाव्ह्यातून वायूचे बुडबुडे निघाले, त्यांची ही भोकं राहिली, आणि मागाहून त्यांत पांढरं खनिज भरलं, हे मी सांगितलं, तेव्हा मुलं दाटीवाटीने भोवती बसली होती. प्रत्येकाला आपला दगड सांगायचा होता. अंकितने शिंपले आणि वाळू चिकटून झालेला खडबडीत करळ दगड आणला. सावेबाईंनीच डब्यातली लिंबाची फोड काढून त्यावर पिळली आणि दगड माझ्या कानाशी धरला. बारीक फसफस ऐकू आली. "शिंपल्यांतला चुना," मी म्हणाले.

पाणी खडकांत शिरू लागलं तसे आम्ही निघालो. जागृतीने माझा हात धरला होता. तिच्या तळव्याला वाळू लागलेली होती. टेम्पोपाशी तिने तो सोडला आणि मैत्रिणींत पळाली.

पालघरच्या स्टँडवर सावेबाई सोडायला आल्या. "पुन्हा बोलवाल?" मी विचारलं.

"मुख्याध्यापकांशी बोलते," त्या म्हणाल्या. या स्वराची मला ओळख आहे. माझी पिशवी त्यांनी स्वतः बसमध्ये चढवून दिली आणि बस हलेपर्यंत खाली उभ्या राहिल्या.

परतीच्या वाटेवर वाटलं, कदाचित हा शेवटचाच वर्ग. घरी मला काय दिसत नाही हे विचारायला कुणी नाही, आणि मीही आजवर कुणाला काही विचारलं नव्हतं. मला न दिसणारं जग मी अंदाजाने भरून काढत होते, आणि विटेला जांभा म्हणत होते.

मनोरच्या पुढे चढ लागला. शेजारी टोपली घेतलेली एक बाई बसली होती. बराच वेळ घोटाळून मी विचारलं, "ताई, बाहेर काय दिसतंय?"

"काय नाय. डोंगूर हाय."

"कसा आहे?"

"डोंगरासारका डोंगूर." ती हसली. मग टोपली सरकवून ती खिडकीकडे वळल्याचं मला जाणवलं.

"थांब हां," ती म्हणाली. "बघून सांगते."