एंटरचा मुहूर्त

बीडच्या बाजारात टायर-पंक्चरच्या दुकानावर एक माडी आहे आणि त्या माडीवर आमचं वधू-वर सूचक केंद्र. मी तिथला कंप्युटरवाला. आम्ही इतकी लग्नं जुळवली की लग्नसराईत जिल्ह्यातले तांदूळ संपून लोक अक्षता म्हणून ज्वारी टाकायचे. खोटं वाटत असेल तर केंद्राचे मालक काका आहेत, त्यांना विचारा. ते यापेक्षा वाढवून सांगतील.

काका कंप्युटरला घाबरायचे, पण त्यातलं एक बटण त्यांचं होतं. बाकीची सगळी माझी, एंटर मालकाचं. दुकानाची रीतच तशी. मी टाइप करायचं, काकांनी पंचांग बघायचं, राहुकाळ चुकवायचा, चप्पल काढायची आणि उजव्या अंगठ्यानं एंटर दाबायचं. 'लग्नाचं काम हाय लेका,' काका म्हणायचे, 'कोनत्या बी टायमाला दाबायला ती काय दाराची घंटी हाय?' पितृपक्षात तर आमचा कंप्युटर अर्धवट वाक्य तोंडात धरून पंधरवडाभर उपाशी बसायचा.

एके दिवशी दिंद्रुडचे एक गृहस्थ आले. मुलगा नोकरीला, जमीन ओलिताखालची, फक्त उंचीत देवानं हात आखडता घेतला होता. त्यांनी पाच फूट दहा इंच मागितले, बियाण्याची पिशवी मागावी तसे. केंद्र कुणाची उंची वाढवत नसे, पण चपलेसकट मोजायला आमची ना नव्हती. आणि चप्पल किती जाड, हे आम्ही विचारत नसू.

मी हुकूम लिहायला घेतला. अशा हुकमाचे दोन भाग असतात. पहिल्यात काय करायचं ते: 'वरांची उंची पाच-दहा कर.' दुसऱ्यात कुणाची ते. पहिला भाग झाला, आणि काका पंचांगावरून ओरडले, 'राहुकाळ लागतोय!'

'काका, थांबा. कुणाची ते लिहायचं राहिलंय.'

'मुहूर्त थांबत न्हाई बे!' आणि अंगठा पडला.

कंप्युटर बिचारा आज्ञाधारक. कुणाची ते सांगितलं नाही, म्हणून त्यानं सगळ्यांची केली. आष्टीपासून अंबाजोगाईपर्यंतचा एकूण एक उपवर पुरुष त्या क्षणी पाच फूट दहा इंच झाला. दुपारपर्यंत जिना भरला. सहा फुटांच्या वरचा पैलवान आला, खाली मान घालून रडला, म्हणाला, 'माजी चार बोटं कुनी खाल्ली?' त्याच्या मागे एक बुटका पेढ्यांचा पुडा घेऊन. मी म्हटलं, दुरुस्ती करतोय, तर त्यानं पुडा मागे घेतला. 'कावून दुरुस्ती? कंप्युटर खोटं बोलतो का?'

आता उपाय एकच, बॅकअप. म्हणजे सगळ्या माहितीची काढून ठेवलेली प्रत. बिघडलं की जुनी प्रत आणून वर बसवायची. आमच्याकडे त्यासाठी एक डिस्क होती, साबणाच्या वडीएवढी. पण ती कंप्युटरला जोडलेली नव्हती. ती देव्हाऱ्यात होती.

झालं असं होतं: मागच्याच्या मागच्या खंडेनवमीला आम्ही हत्यारांची पूजा केली. स्टेपलर, पंचांग आणि डिस्क. हळद-कुंकू वाहिलं, नारळ फोडला, त्याचं थोडं पाणीही तिला पाजलं. दसरा झाल्यावर मी डिस्क उचलायला गेलो, तर काकांनी माझा हात धरला. 'जिच्यात इतके संसार हायेत, तिला पूजेवरनं उठवतो का?' तेव्हापासून कंप्युटर रोज प्रत काढायला निघायचा, डिस्क सापडायची नाही आणि पडद्यावर लाल पट्टी यायची. काका तिला नमस्कार करायचे. लाल म्हणजे शुभच.

डिस्क खाली टायरवाल्या उस्तादांकडे नेली. त्यांनी ती कानाशी हलवली. आतून खुळखुळ आवाज आला.

'इसमें तो पूरी शादी भरी है मियाँ,' म्हणाले, आणि तिच्या भोकात ट्रकच्या हवेचा पाइप लावला. कुंकवाचा असा लोट उठला की समोरचा केळीवाला आपादमस्तक लाल झाला. दोन अक्षता निघाल्या. एक सुपारी निघाली; ती आत कशी गेली, हे मला आजही कळलेलं नाही. मग डिस्क चालू झाली. देवाशप्पथ, घंटीसारखी वाजत चालू झाली.

पडद्यानं विचारलं, 'असलेलं पुसून जुनी प्रत बसवू का?' मी म्हटलं, 'काका, आधी आजची बिघडलेली प्रतही बाजूला काढून ठेवतो. शहाणी माणसं तसं...'

'अमृत वेळ हाय!' अंगठा पडला.

उंच्या जागेवर आल्या. पैलवानाला त्याची चार बोटं मिळाली. पण प्रत होती दीड वर्षापूर्वीची. मधल्या काळात आम्ही ज्यांची लग्नं लावली, ते सगळे एका अंगठ्यात पुन्हा कुंवारे झाले. मोठ्या कचेऱ्यांत बॅकअपनंतरच्या घडामोडींची वेगळी नोंद असते. जुनी प्रत बसवायची आणि त्या घडामोडी घडल्या तशा, त्याच क्रमानं पुन्हा चालवून आजपर्यंत यायचं. आमच्याकडे ती नोंदही त्याच डिस्कवर जायची. म्हणजे दीड वर्ष ती देवाकडेच जात होती.

वर आमच्या कंप्युटरला एक खोड. जागा झाला की तो आपण होऊन स्थळं जुळवतो आणि घरोघरी मोबाइलवर धाडतो. त्यानं ती धाडली.

आता सांगायचं राहिलं ते असं की, त्या दीड वर्षात लग्न झालेल्यांत मीही होतो. मुलगी घाटनांदूरची, केंद्रातूनच जुळलेली. ती त्या आठवड्यात धाकट्या बहिणीचं स्थळ बघायला माहेरी गेली होती. संध्याकाळी तिचा फोन आला.

'माज्या बहिणीला स्थळ आलंय,' ती म्हणाली. 'मुलगा बीडचा. कंप्युटरवर हाय. मनमिळाऊ हाय म्हनं.'

'चांगलं आहे की.'

'फोटो तुमचा हाय.'

मी खुर्ची शोधत होतो, तोवर ती पुढे. 'सव्वीस गुण जुळतेत. आपले किती जुळले होते?'

'अठरा,' मी म्हणालो.

'आनि अपेक्षा, शांत स्वभावाची मुलगी. आसं का? मग बघा शांत स्वभावाची. मी काय आता येत न्हाई.' फोन बंद. परत लावला, लागेना.

इकडे काकांनी फर्मान काढलं की ज्यांची लग्नं झालीत त्यांनी बायकोसकट हजर होऊन पुन्हा नोंद करावी. जिना जोडप्यांनी भरला. एकजण एकटाच आला, म्हणाला, 'माजं ऱ्हाऊ द्या तसंच.' मी मात्र कुणाला घेऊन हजर होणार? पहिली एसटी धरून घाटनांदूर गाठलं.

सासरे निवृत्त कंडक्टर. अंगणात खुर्ची टाकून बसलेले, हातात मोबाइल. 'या,' म्हणाले. 'थोरलीला परत करायला आलात, का धाकटीला बघायला?'

मी सगळं सांगितलं. अंगठा, कुंकू, सुपारी. बायको दारातून ऐकत होती. सासऱ्यांनी डोळे मिटून विचार केला.

'म्हंजे गाडी मागच्या स्टॉपला गेली.'

'हो.'

'मंग मधले स्टॉप परत घ्या जावईबापू. उडी मारून कुनी आलंय का?'

आणि त्यांनी मला अंगणाबाहेर काढून पुन्हा आत बोलावलं. पायावर पाणी आलं. पोहे आले. बघता बघता गल्ली जमली; गच्च्या भरल्या, लिंबाच्या झाडावर माणसं, आणि परळीची एसटी दारात थांबवून ड्रायव्हरही खाली उतरला. दीड वर्षापूर्वीचा बघण्याचा कार्यक्रम जसाच्या तसा सुरू झाला. बायको डोक्यावर पदर घेऊन चहाचा ट्रे घेऊन आली. मी कप उचलला.

'हितं तुमी चहा सांडलाता,' ती म्हणाली.

'ते राहू दे ना.'

'काय बी गाळायचं न्हाई,' सासरे म्हणाले. गच्चीवरून एक म्हातारी ओरडली, 'शर्टावर सांडलाता, म्या बघितलंय!' सांडला. मागच्या वेळी कोमट होता.

मग तेव्हा मी विचारलेले प्रश्न मला पुन्हा विचारावे लागले. 'स्वयंपाक येतो का?' मी विचारलं. तेव्हा ती लाजून 'हो' म्हणाली होती. आता म्हणाली, 'तुमी जेवताव ना रोज? तुमीच सांगा.' एसटीतल्या प्रवाशांनी टाळ्या वाजवल्या. शेवटी सासऱ्यांनी विचारलं, 'मंग, पसंत?' तिनं माझ्या ओल्या शर्टाकडे पाहिलं.

'कळवते,' म्हणाली.

आपल्याकडे 'कळवतो' म्हणजे काय, हे पुन्हा सांगायला नको. मी ओला शर्ट झटकत उठलो. पण ती आत गेली आणि पिशवी घेऊन बाहेर आली. 'जितं मोडलं तितंच कळवते. चला.'

बीडला उतरली. सरळ माडीवर चढली. मी कंप्युटरपुढे बसलो, काकांनी चप्पल काढली. मी लिहिलं, 'विवाहित कर.'

'कुनाला?' तिनं विचारलं.

'लिहितोय.' मी दोघांचे नंबर लिहिले. तिनं बोट ठेवून अक्षर न् अक्षर वाचलं. मग म्हणाली, 'ते शांत स्वभावाचं खोडा.' खोडलं.

'सूनबाई, राहुकाळ हाय,' काका पंचांग फडफडवत म्हणाले. 'दीड तास थांबा.'

'काका, मुहूर्तावर झालं तेच मोडलं ना?' असं म्हणून तिनं एंटर दाबलं. काकांनी डोळे गच्च मिटून घेतले. माडी कोसळली नाही.

मग ती देव्हाऱ्यापाशी गेली, काकांनी परत तिथंच बसवलेल्या डिस्कला हात जोडले, पदरानं पुसली आणि माझ्या हातात दिली.

'आधी हिच्यात प्रत काढा,' म्हणाली. 'मंग घरी जाऊ.'