केसरीनाथच्या गोल्फच्या दोन काठ्या

केसरीनाथ माझ्या वयाचा. आम्ही एका बाकावर शिकलो आणि एकाच वर्षी शाळा सोडली. तो बापाच्या शेतावर गेला, मी कापडाच्या लूमवर. पुढे माझे हात तेलात राहिले आणि त्याच्या शेतावर गोदामं उभी राहिली. आता तो शेठ आहे, मी निवृत्त फिटर. माझ्यासमोर त्याने शेठपणा कधी केला नाही. मला त्याचा राग येतो तो वेगळ्या कारणाने. हा माणूस सरळ काम सरळ करत नाही.

गोल्फचंच घ्या.

त्याच्या मोठ्या गोदामात ज्या कंपनीचा माल असतो, ती दरवर्षी नवरात्रात साहेब लोकांसाठी गोल्फचा सामना ठेवते. गेल्या वर्षी जमीनमालक म्हणून यालाही बोलावलं. तोवर याने काठी धरली होती ती म्हशीमागे. तरी गेला. सुरुवातीचा चेंडू मारायला याचं नाव पुकारलं तेव्हा सगळे बाजूला उभे होते. याने जीव खाऊन काठी फिरवली. चेंडू जरासा घरंगळला आणि याच्याच बुटाला टेकून थांबला.

कोणी हसलं नाही. तेच त्याला लागलं.

"हसले असते तर मी पन हसलो असतो," तो मला म्हणाला. "पन ते म्हनाले, कोई बात नही सर. आजारी मानसाला बोलतात तसं. सातबाऱ्यावरच्या नावापलीकडं त्यांना मी म्हाईतच न्हाय रे."

तेव्हापासून त्याच्या डोक्यात एकच गोष्ट बसली. पुढच्या वर्षी त्याच लोकांसमोर पहिला चेंडू लांब आणि सरळ गेला पाहिजे. सामना हरला तरी चालेल. तो एक चेंडू गेला पाहिजे.

इथपर्यंत मला मान्य होतं. माणसाने एक काम धरावं आणि ते नीट करावं. तो ठाण्याकडच्या एका सरावाच्या मैदानावर शिकायला जाऊ लागला. एकट्याला लाज वाटायची, म्हणून गाडीत मला घालायचा. शिकवणारी रीमा नावाची मुलगी होती. ती पहिल्याच दिवशी म्हणाली, "काका, तुम्ही चेंडू मारत नाही, भात झोडताय."

खरं होतं. दोन्ही हात डोक्यावर आणि तिथून सगळा जोर खाली. पेंढी असती तर एका दणक्यात दाणा सुटला असता.

सुरुवातीचा लांबचा फटका ज्या काठीने मारतात तिला ड्रायव्हर म्हणतात. सगळ्यात लांब दांडा आणि पुढे नारळाएवढं पोकळ डोकं. रीमाने सांगितलेला ड्रायव्हर केसरीनाथचा पुतण्या प्रितम घेऊन आला. डोकं मागे लांबवलेलं आणि वजन अगदी मागच्या कडेला. त्यामुळे चेंडू मधोमध न लागता कडेला लागला, तरी डोकं हातात फारसं फिरत नाही आणि चेंडू बऱ्यापैकी सरळ जातो. चेंडूवर आदळणारं तोंड जरा वर वळलेलं, म्हणजे चेंडू आपोआप उंच उठतो. दांडा हलका आणि लवचिक. ज्याचा हात सावकाश चालतो त्याच्यासाठी केलेली वस्तू. कोणीतरी बसून विचार केलेला दिसत होता. मला आवडली.

केसरीनाथलाही आठवडाभर आवडली. मग कंपनीचा मुख्य साहेब गोदाम बघायला आला. त्याच्या गाडीत याने वेगळाच ड्रायव्हर पाहिला. झालं. चार दिवसांत तसाच याच्या घरी.

दोन्ही शेजारी ठेवून मी बघितले. साहेबाच्या जातीच्या ड्रायव्हरचं डोकं आखूड आणि वजन पुढे, तोंडापाशी. तोंड जवळजवळ उभं. दांडा कडक. रीमा म्हणाली, "हाताला वेग असेल आणि चेंडू दर वेळी मधोमध लागत असेल, तर याच्याने खूप लांब जातो. कमी गरगरतो, हवेत अडकत नाही. पण थोडा जरी बाहेर लागला तर हा सांभाळून घेत नाही. काका, हा तुमच्यासाठी नाही. निदान आत्ता नाही."

"मग साहेबाकडं कसा?"

"ते लहानपणापासून खेळतात."

"म्हंजे चांगला हाच ना?"

रीमाने माझ्याकडे पाहिलं. मी आभाळाकडे पाहिलं.

पुढचे महिने गोदामामागच्या मोकळ्या जागेत त्याने जाळी बांधून सराव केला. रोज सकाळी, रोज त्याच कडक काठीने. चेंडू जाळीच्या उजवीकडून निघायचा आणि गोदामाच्या पत्र्यावर वाजायचा. वॉचमन आधी धावत बाहेर यायचा. नंतर आतूनच ओरडायचा, "शेठ, बस करो, कान फट गया!"

मी म्हणायचो, "अरे, सोपी काठी घे."

"सोपी पोरींना."

"रीमा पोरगीच आहे, आणि ती तुझ्यापेक्षा दुप्पट लांब मारते."

"वाल्मीक, तू चेंडू उचल."

माझं म्हणणं एवढंच होतं की कष्ट कुठे घालायचे हे माणसाला कळलं पाहिजे. लूमवर आडवा धागा नेणारा धोटा उडून बाहेर पडत असला तर आम्ही मशीन थांबवून कारण शोधायचो. जास्त जोराने चालवून कोणाचं कापड सुधारलं नाही. हा मात्र चेंडू वाकडा गेला की पुढचा अजून जोराने मारायचा. घामाने भिजायचा आणि समाधानाने म्हणायचा, "आज मेहनत झाली." मेहनत झाली नव्हती. दमणूक झाली होती. माणसं या दोन गोष्टींत घोळ का घालतात, मला अजून कळलेलं नाही.

यंदाचा सामना खंडेनवमीला आला. मी सकाळी त्याच्या घरी पोचलो तर हा देवघरासमोर कमरेवर हात ठेवून उभा. पाटावर लाल कापड. त्यावर कोयता, पहार, जुना तराजू, ट्रॅक्टरची चावी. आणि सगळ्यांच्या मधोमध, हळदकुंकू लावलेला, झेंडूची माळ घातलेला, साहेबाच्या जातीचा ड्रायव्हर.

"ही बघ काय करून बसली," तो म्हणाला.

जानकीबाई, त्याची बायको, स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "भावजी, तुम्हीच सांगा. रोज हातात घेतात, जीव टाकतात त्याच्यावर. मग हत्यार न्हाय तर काय? पूजेत नको मांडायला?"

"दुसरा मांडायचा ना!"

"दुसरा तुम्ही कपाटामागं टाकलाय. त्याची काय पूजा करू?"

मी केसरीनाथला म्हणालो, "उचल. नमस्कार कर आणि उचल."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं जसं काही मी देव उचलायला सांगत होतो. "येडा झालास? पूजेतलं हत्यार उद्या दसऱ्याला उचलायचं. आज त्याला हात लावायचा न्हाय. आमच्या घरात कोनी लावला न्हाय."

वर्षभर ज्याने रीमाचं ऐकलं नाही, प्रितमचं ऐकलं नाही, माझं तर कधीच नाही, तो झेंडूच्या माळेपुढे मुकाट झाला. कपाटामागून सोपा ड्रायव्हर काढला. त्यावर कोळिष्टकं होती. ती पुसायचं काम माझ्याकडे आलं. गाडीत तो एकदाच म्हणाला, "गेला माझा चेंडू."

मैदानावर तीच माणसं होती. तीच टोपी, तेच हसू. नाव पुकारलं. केसरीनाथ पुढे गेला. मी दोरीच्या अलीकडे उभा होतो. त्याने काठी वर नेली. मला वाटलं, आता झोडणार. पण या काठीवर त्याचा रागच इतका होता की जोर लावायची त्याला इच्छा झाली नाही. नुसती फिरवली.

चेंडू उंच गेला. थोडा उजवीकडे कलला, मग सावरला, आणि हिरवळीच्या मधल्या पट्ट्यात लांबवर जाऊन पडला.

टाळ्या वाजल्या. मुख्य साहेब म्हणाला, "अरे वा, केसरीनाथजी! बढिया!" त्यात आजारी माणसाशी बोलायचा सूर नव्हता. मी स्वतः ऐकलं.

मला वाटलं, सुटलो. आता हा खूश होईल आणि माझ्या सकाळी मला परत मिळतील.

पुढचा सामना त्याने बाकीच्या छोट्या काठ्यांनी उरकला. घरी जायला गाडीत बसलो तर हा तोंड पाडून बसलेला. काठीचं डोकं मांडीवर घेऊन बघत होता.

"आता काय झालं?"

"ह्ये बघ." काळ्या तोंडावर चेंडूचा पांढरट ठसा उमटला होता. मधोमध नव्हता. पार टोकाकडे, कडेपासून बोटभर आत. "लागला कुठं आनि गेला कुठं. टाळ्या ह्याला मिळाल्या, मना न्हाय."

"चेंडू गेला ना?"

"गेला. पन मी न्हाय मारला. ह्याने सांभाळून घेतलं मना."

"त्यासाठीच केलाय तो!"

"तू जन्मभर मेहनत मेहनत करतोस, आनि आज सोप्याची वकिली?"

मी चिडलो. म्हणालो, "सोपा हातात धरून मधोमध मार. मग टाळ्या तुझ्या."

हे बोलायला नको होतं. त्याने गाडी घराकडे न वळवता गोदामामागे घेतली. ऊन डोक्यावर होतं, जेवण व्हायचं होतं, आणि मी सकाळी फक्त चहा घेतला होता. त्याने काठीचं तोंड रुमालाने पुसलं, जाळीसमोर उभा राहिला आणि फिरवली. या वेळी भात झोडलं नाही. चेंडू जाळीत गेला. पत्रा वाजला नाही.

त्याने काठी माझ्यापुढे धरली. "बघ."

ठसा आत सरकला होता. पुरेसा नव्हता.

"अजून बाहेर आहे," मी म्हणालो. खोटं बोललो असतो तर घरी जाता आलं असतं.

"ठेव दुसरा चेंडू," केसरीनाथ म्हणाला.