दादाची बोट केडगावला

परवा ऑल सोल्स डे होता, गेलेल्यांच्या आठवणीचा दिवस. संध्याकाळी आईला घेऊन केडगावला गेलो... पुणे रोडवरच्या एका फॅमिली हॉटेलात. तिथे अंगणात खरीखुरी बोट उभी आहे, आणि बोटीत जेवायची टेबलं.

आम्हा ख्रिस्ती लोकांमध्ये या दिवशी सगळे कब्रस्तानात जातात. कबर धुवायची, झेंडूची फुलं ठेवायची, मेणबत्ती लावायची. ती विझवत नाहीत, जळून आपोआप संपू देतात. आई दरवर्षी दोन मेणबत्त्या घेते. एक वडिलांच्या कबरीवर लावते, दुसरी तशीच घरी आणते... कारण दादाला कबर नाही.

दादा कोकणात एका रेस्क्यू बोटीवर इंजिन सांभाळायचा. वादळात अडकलेल्या मच्छीमारांना आणायचं, बुडालेल्यांना शोधायचं, हे त्या बोटीचं काम. एका पावसाळ्यात बंद पडलेल्या ट्रॉलरला दोर बांधताना लाटेने त्याला ओढून नेलं. ट्रॉलरवरचे सगळे वाचले. त्याच बोटीने दादालाही पुष्कळ शोधलं... तो सापडला नाही.

बोट त्यानंतरही कित्येक वर्षं चालली. मग जुनी झाली म्हणून लिलावात गेली. दादाबरोबर काम केलेल्या एकाने मला फोन करून सांगितलं, की आपली बोट ट्रेलरवरून घाट चढून तुमच्या नगरलाच आलीय, हॉटेलवाल्याने घेतली. मी आईला सांगणार नव्हतो. पण फोन स्पीकरवर होता.

ती म्हणाली, "यंदा दुसरी तिथंच लावू."

बोटीच्या मूळच्या भगव्या रंगावर आता गुलाबी रंग मारलाय. सुकाणूच्या चाकाला फुगे बांधलेत, मुलं ते चाक गरागरा फिरवतात. मागच्या मोकळ्या जागेत पाण्यातून काढलेल्या माणसांना झोपवायचे, जिवंत असोत वा नसोत, असं दादा सांगायचा. आम्हाला टेबल मिळालं ते नेमकं तिथे.

आईने बशीत मेणबत्ती लावली आणि डोळे मिटले.

वेटरने लांबून ती पाहिली. त्या बोटीत मेणबत्ती लागली की वाढदिवसच असतो... त्याने लगेच स्पीकरवर बर्थडेचं गाणं लावलं. शेजारच्या टेबलांवरचे लोकही हौसेने टाळ्या वाजवू लागले. मॅनेजर हसत आला, आजींचा बर्थडे आहे हे आधी सांगितलं असतं तर टोपी आणली असती, म्हणाला.

गाणं संपल्यावर वेटर आईला म्हणाला, "फुंका आता, आजी."

"फुकायची न्हाई बाळा. माझ्या पोराची हाय, तो ह्या बोटीवर हुता. समुद्रात गेला. जळून संपंल आपसूक."

वेटरचा चेहरा उतरला. मॅनेजर मात्र माझ्या कानाशी वाकला. "सर, इथं लोक एन्जॉय करायला येतात. समजून घ्या." एवढं बोलून त्याने बशी जवळ ओढली आणि स्वतःच मेणबत्ती फुंकली.

राहिलेली मेणबत्ती आईने रुमालात गुंडाळून पिशवीत ठेवली. जेवण आलं होतं. अन्न टाकू नये म्हणून दोन घास खाल्ले.

परत येताना गाडीत म्हणाली, "त्याला तरी काय ठाव, कोन कुठं गेलं ते." तिने मॅनेजरला माफही करून टाकलं. मला ते अजून जमलेलं नाही.

त्या बोटीने ज्यांना शोधून आणलं, मेलेले का होईना, त्यांच्या घरच्यांना निदान कुठेतरी बसून रडता आलं. आमच्या वाट्याला नुसती बोट आली... तीही जेवणाची ऑर्डर देऊन तासभर.

कधी त्या हॉटेलात गेलात, आणि अगदी मागचं टेबल मिळालं, तर थोडं हळू बोला. एवढंच.