मावशीवरचं गाणं

आमच्या बँडला नाव होतं, पण ते मी इथं लिहिणार नाही. ते त्यानं ठेवलं होतं, आणि त्याचं काहीही वापरायची माझी इच्छा नाही. तो म्हणजे आमचा गिटारवाला. बाकी आम्ही तिघं: एक ड्रम वाजवायचा, एक कॅसिओ, आणि गाणी लिहून ती गाणारा मी. नांदेडमध्ये तेव्हा बँड म्हटलं की वरातीचाच. आम्ही रॉक बँड काढलाय असं सांगितलं की लोक लगेच लग्नाची तारीख सांगायचे. एका गृहस्थांनी तर घोडी तुमचीच असते का, असंही विचारलं होतं.

ड्रमवाल्याच्या वडिलांचं गाद्या-रजयांचं दुकान होतं. दुकानामागच्या कापसाच्या खोलीत आम्ही सराव करायचो. चहूबाजूंनी कापूस, त्यामुळे कितीही बडवलं तरी आवाज गल्लीत जायचा नाही. दोन तासांनी बाहेर पडलो की चौघांचेही केस पांढरे झालेले असायचे. ड्रमवाल्याची अम्मी म्हणायची, "गाना कम, खांसी ज्यादा." माझा गळा मात्र घरचा. आमच्या वस्तीत जयंतीच्या दिवसांत वडील आणि काका गायचे, मी लहानपणापासून त्यांच्या मागं कोरसला उभा राहायचो. वडील सरकारी कचेरीत कारकून. गाणं त्यांना आवडायचं, पण मुलगा डॉक्टर व्हावा हे त्याहून जास्त.

आम्ही चौघंही त्याच वर्षी बारावी झालो होतो. मार्क धड ना चांगले, ना वाईट. आणि तेव्हा सगळ्या मराठवाड्याला लातूरचं वेड लागलेलं. ज्याचे मार्क कमी पडले त्यानं लातूरला खोली घ्यायची, वर्षभर क्लास लावायचा, पुन्हा परीक्षेला बसायचं आणि मेडिकलला जायचं. वडिलांनी माझ्यासाठी खोली बघूनही ठेवली होती.

तेव्हा कापसाच्या खोलीत शपथ झाली. ती कल्पना त्याचीच. "एकानं जरी फॉर्म भरला तरी बँड बुडाला म्हणून समजा," तो म्हणाला. "हे एक वर्ष फक्त बँडचं." चौघांनी हातावर हात ठेवले. मी घरी जाऊन वडिलांना नाही म्हटलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्याशी बोलणंच सोडलं. माझ्या हातातला पेपरसुद्धा आईच्या मार्फत मागायचे, मी समोर बसलेला असताना.

मग गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे भूकंप झाला. नांदेडला भांडी वाजली तेवढीच, पण लातूरकडची गावंच्या गावं बसली. तिसऱ्या दिवशी तो सरावाला आला, गिटार पिशवीतून काढलीच नाही आणि म्हणाला, "माझी मावशी गेली." औशाकडच्या गावात तिचं दगडमातीचं घर होतं म्हणे. पोरं वाचली, पत्र्याच्या शेडमध्ये आहेत, त्यांचं बघायला कुणी नाही. यापुढं मी तिकडंच राहीन, रविवारचा सरावाला येत जाईन, म्हणाला. एवढं बोलून तो रडायला लागला.

शंका कोण घेणार? त्या दिवसांत घराघरात कुणाचं ना कुणाचं असं झालंच होतं. आम्हाला त्याचा अभिमान वाटला. ड्रमवाल्याच्या अम्मीनं हिरव्या फुलांच्या छिटाची एक जाड रजई शिवली, त्या पोरांसाठी. ती गुंडाळून आम्ही तिघं त्याला एसटीपर्यंत सोडायला गेलो.

आणि मी गाणं लिहिलं. आजवर मी लिहिलेलं तेच एक खरं गाणं, असं मला वाटायचं.

"मावशे, तुझ्या दाराची कडी
कुठल्या दाराला वाजवू गं"

टेपरेकॉर्डरवर आम्ही ते रेकॉर्ड केलं तेव्हा शेवटच्या कडव्याला तो रडला. त्याचा हुंदका कॅसेटवर आहे. आम्ही तो मुद्दाम ठेवला. भोकरच्या, मुदखेडच्या, नायगावच्या कॉलेजांत गॅदरिंगला आम्ही ते गाणं गायलो. भोकरला पोरी रडल्या. गाणं संपल्यावर तिथल्या एका वयस्कर सरांनी स्टेजवर येऊन त्याच्या पाठीवरून हात फिरवला. माझ्या नाही, त्याच्या. मला त्याचंही काही वाटलं नाही.

फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशी मन डळमळू नये म्हणून आम्ही कापसाच्या खोलीला बाहेरून कुलूप लावून घेतलं. अम्मीला बजावलं, पाच वाजेपर्यंत उघडायचं नाही. त्या दिवशी तो आला नव्हता. मावशीच्या धाकट्याला ताप आहे, असा त्याचा निरोप होता. साडेतीनच्या सुमाराला कॅसिओवाला दार वाजवायला लागला, मला सोडा म्हणून. मीच त्याला धरून बसवलं. "तो तिकडं काय भोगतोय आणि तुला परीक्षा सुचतेय?" असं मी त्याला म्हणालो. हे वाक्य आठवलं की आजही माझे कान गरम होतात.

जानेवारीत लातूरच्या एका कॉलेजचं बोलावणं आलं. रविवारपर्यंत थांबायला वेळ नव्हता, म्हणून त्याला कळवायला मीच एसटीनं गेलो. शेडवर पत्र पोचत नाही म्हणून त्यानं लातूरच्या एका घराचा पत्ता दिलेला होता. दार एका बाईंनी उघडलं. हाताला पीठ, चेहरा थेट त्याचा.

"क्लासला गेलाय की," त्या म्हणाल्या. "येतंय आता. बस बाबा आत."

"तुम्ही त्याच्या कोण?"

"मी? मावशी हाय त्याची."

"म्हणजे... दुसरी मावशी का?"

"दुसरी कुठली? आमी दोघीच बहिनी. त्याची माय अन् मी." मग त्यांनी मला नीट पाहिलं. "तू नांदेडचा गानारा का? लई सांगतंय तुझं. तुमी चौघंबी परीक्षेला बसायलाव म्हनं पुन्हा. चांगलं केलंव."

मी खाटेवर बसलो. पायथ्याशी हिरव्या फुलांची रजई घडी करून ठेवली होती. भूकंपात इथं काय झालं, असं मी विचारलं. फळीवरचे डबे पडले, आणखी काही न्हाई, देवाची किरपा, असं त्या म्हणाल्या. फॉर्मची मुदत केव्हाच संपली होती. माझं वर्ष गेलं होतं, कॅसिओवाल्याचं मी माझ्या हातांनी घालवलं होतं, आणि ही बाई माझ्यासाठी भाकरी थापत होती. मला इतका संताप आला की काय करावं कळेना, म्हणून मी जेवायला बसलो.

तेवढ्यात तो आला. खांद्याला वह्यांची पिशवी. मला बघून दारातच थांबला. मावशींनी त्यालाही ताट वाढलं आणि मला म्हणाल्या, "म्हन की बाबा एखादं. हा म्हनतंय, तुझ्या गळ्याला तोड न्हाई."

त्यानं माझ्याकडं बघून मान हलवली. अगदी थोडी. ते गाणं नको, एवढंच.

मी तेच म्हटलं. पहिल्या शब्दापासून शेवटच्या कडव्यापर्यंत, त्याच्या तोंडाकडं बघत. जिथं कॅसेटवर तो रडतो तिथं मी थांबलोसुद्धा, त्याला जागा दिली. तो खाली ताटात बघत होता. चुलीपाशी मावशी मात्र पदर तोंडाला लावून रडत होत्या.

"कुनाची मावशी गेली रे लेकरा?" त्यांनी विचारलं.

ह्याच क्षणासाठी मी गायलो होतो. एक शब्द बोललो असतो की झालं असतं. मी त्याच्याकडं पाहिलं, मग त्यांच्याकडं. आपल्या भाच्यानं आपल्याला मारून गावोगाव रडून दाखवलं, हे त्या बाईंना मी कसं सांगणार होतो?

"माझी," मी म्हणालो.

त्या उठून आल्या. पीठ लागलेल्या हातांनी त्यांनी माझा चेहरा धरला, मग स्वतःच्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. "आता मला म्हन मावशी," त्या म्हणाल्या. "कवाबी ये."

त्यानं मोठा श्वास सोडला. मला वाटलं, आता तरी काही बोलेल. त्यानं ताट पुढं सरकवलं.

"मावशे," तो म्हणाला, "वरण वाढ थोडं."