उधाणाच्या दिवशी मतदान

आमचा प्रभाग अलिबागच्या इतका जवळ आहे की जमिनीचे दलाल त्याला उपनगर म्हणतात, आणि इतका लांब की नळाला पाणी अजून खेड्याच्या वेळापत्रकाने येतं. भातशेतीवाल्यांची जुनी आळी, छोटा मोहल्ला, किनाऱ्याला कोळीवाडा, आणि नारळाच्या वाड्या तोडून उभ्या राहिलेल्या इमारतींत मुंबईहून निवृत्त होऊन आलेली मंडळी. गेल्या पंचायत निवडणुकीत माझी वहिनी इथून थोडक्यात पडली. पुन्हा पडली तर पक्ष तिला परत विचारणार नव्हता.

म्हणून पक्षाचे जिल्ह्याचे साहेब स्वतः आले. आमच्या ओटीवर पडदा लावून त्यांनी प्रभागाचा रंगीत नकाशा दाखवला. "कोळीवाडा आपला. गठ्ठा मत आहे. दुपारी जेवून निवांत बाहेर काढू." माणसांचे गठ्ठे बांधण्यातला हा आत्मविश्वास मला नेहमीच थक्क करतो.

वहिनी म्हणाली, "साहेब, मतदान अमावास्येला लागून आलंय. उधाण आहे. दुपारच्या भरतीला खाडीत पाणी चढलं की सगळ्या होड्या बाहेर पडतात."

"एक दिवस थांबतील की."

कडेला कोळीवाड्यातले नाखवा बसले होते, मोठ्या होडीचे मालक. ते हसले. "भरती काय तुमच्या सभेसारखी हाय साहेब, उशिरा आली तरी चालंल?"

म्हणजे कोळ्यांनी सकाळीच मत द्यायला हवं. पण सकाळी केंद्रावर इमारतींची रांग असते. फेरफटका मारून येतात, शाईच्या बोटाचे फोटो काढतात. गेल्या खेपेला त्याच रांगेत ताटकळून कोळी मत न देता होडीवर गेले होते, आणि वहिनी पडली होती.

ती इमारतीत गेली, मी मागोमाग. सोसायटीचे अध्यक्ष म्हणाले, "ताई, लोकशाहीचं कर्तव्य मी पहिल्या तासातच बजावतो."

"बजावा की काका. फक्त जेवून बजावा. सकाळी कोळी तुमच्यामागे रांगेत अडकले आणि होड्या सुटल्या नाहीत, तर तुमच्या दारात कोलंबी यायची नाही."

अध्यक्ष लोकशाहीवर विचार करू लागले. आतून त्यांच्या पत्नीचा आवाज आला, "अहो, दुपारीच जाऊ!" ठराव एकमताने मंजूर झाला.

मतदानाच्या सकाळी कोळीवाडा रांगेत होता, भरतीला खाडीत. मग छत्र्या घेऊन इमारती आल्या. साहेब गाड्यांचा ताफा घेऊन कोळीवाड्यात पोचले तेव्हा बायका सुकट वाळत घालत होत्या.

"माणसं कुठे आहेत?"

"गेली दर्यात."

साहेबांचा चेहरा उतरला. "मत न देता?"

"दिऊनशी गेली. तुमीच उशिरा आलाव, भाऊ."

वहिनी चांगल्या फरकाने निवडून आली. विजयसभेत साहेबांनी आपल्या अचूक समीकरणाचं बराच वेळ कौतुक केलं. वहिनीने करू दिलं. तिला जागा हवी होती, ती मिळाली होती.