कुंकू लागलेले डॉलर

पासपोर्टच्या पाकिटाला अजून हळदीचा वास येतो, आणि तो आला की मला थायलंडच्या त्या बंदरावरचं पांढरं ऊन आठवतं. आम्ही नवराबायको वर्ध्याहून क्रूझच्या सहलीला निघालो, तेव्हा कोणतं चलन न्यायचं याचा मी आठवडाभर हिशेब केला होता. जहाजावर सगळा खर्च डॉलरमध्ये, म्हणून फक्त डॉलर घेतले. कार्डाला शुल्क लागतं, म्हणून त्याचा परदेशातला वापर सुरूच केला नाही. निघताना आईने नोटा देवापुढे ठेवून प्रत्येकीला हळदकुंकू लावलं. ‘लक्ष्मी आहे, तिले तशीच नेतं काय?’ बंदरावर हिंडताना बायकोचा दमा उसळला आणि तिच्याजवळचा औषध ओढायचा पंप रिकामा निघाला. औषधवाल्याला तिथलेच पैसे हवे होते. शेजारच्या चलन बदलणाऱ्या खिडकीतली बाई एकेक नोट उजेडात धरायची, डागावर बोट ठेवायची आणि परत सरकवायची. बायको पायरीवर बसली होती. तिच्या छातीतली शिट्टी मला खिडकीपाशी ऐकू येत होती. ‘काऊन घेत नाई ते?’ तिने विचारलं. ‘कुंकू लागलंय,’ मी म्हणालो आणि रुमालाने पुसू लागलो, तर डाग आणखी पसरला. तिचे ओठ निळसर झाले होते. तिने पर्समधून एक कोरी नोट काढली. ‘खरेदीसाठी आईंपासून लपवली होती. त्यायले सांगू नका.’ त्या नोटेवर पंप आला. यंदा आम्ही पुन्हा निघतो आहोत. आई नोटा मागते, मी तिच्यापुढे ठेवतो. मोजून, एक कमी.